तोंडावर बॅटरी

अंधारात लोकांना वाट दाखवण्याचा पगार घ्यायचा आणि वाट मात्र दाखवायची नाही, असा डोअरकीपर आमच्या लातूरच्या टॉकीजखेरीज साऱ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. हातात भली थोरली बॅटरी. पण बाया आत येऊ लागल्या, की हा ती हनुवटीखाली धरून स्वतःच्याच तोंडावर मारायचा. पोरं किंचाळायची, म्हाताऱ्या देवाचं नाव घ्यायच्या आणि माझ्यासारखा सभ्य शिक्षक चाचपडत भलत्याच्याच मांडीवर बसायचा. एकदा चिडून जाब विचारला, तर म्हणाला, "मास्तर, मला आईची वळख न्हाई. पर तिला माझी आसंल की!"

दुष्काळात खडी फोडायच्या कामावरची माणसं ट्रकांत भरून दुसरीकडे हलवली, तेव्हा हा एवढासा पोर एका ट्रकमध्ये चढला आणि आई राहिली दुसऱ्यात. गावाचं नावही त्याला सांगता येईना. टॉकीजच्या मालकानं त्याला सांभाळलं. हरवलेलं लेकरू शोधणाऱ्या आईचा एक रडका सिनेमा होता, तो पुन्हा पुन्हा आणा म्हणून हा मालकाचं डोकं खायचा. जिचं लेकरू खरंच हरवलंय, ती हा सिनेमा दुसऱ्यांदा बघायला येणारच, अशी त्याची खात्री. सिनेमातल्या पोराचा मात्र त्याला भारी राग. "त्येच्या गालावर तीळ हाय, आईचं गानं पाठ हाय. माझ्यापाशी काय व्हतं? खरूज! ती बी बरी झाली." मला हसू आलं, आणि मग फार वाईट वाटलं.

लातूर जिल्ह्याचं गाव झालं, तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्यालाच. "आता पार देवणीपासनं बाया कचेरीला येत्याल मास्तर. साहेब न्हाई भेटला, की टॉकीजलाच येत्याल!" मालकानं तो सिनेमा पुन्हा लावला. आणि खरोखरच एक थकलेली बाई रोज संध्याकाळच्या खेळाला येऊ लागली. याला जेवण जाईना. शेवटी एके दिवशी तो तिच्यासमोर उभा राहिला आणि बॅटरी आपल्याच तोंडावर धरली. मी मागेच होतो. बाई खूप वेळ बघत राहिली.

"माझी लेक हरवली रे बाबा," ती म्हणाली. "पोरगं आसतं, तर तुलाच माझं म्हनले आसते."

त्यानं बॅटरी खाली केली. "हळू मावशी, पायरी हाय," म्हणत तो तिला जागेपर्यंत घेऊन गेला. मागून आणखी बाया आत येत होत्या. उजेड मात्र तिच्या पायाशीच राहिला.