मुलतानी मातीवाली

आळंदच्या बाजारात ती शिकेकाई आणि मुलतानी माती विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मी सातवीत होते, पण तोंडभर पुटकुळ्या आल्या म्हणून महिनाभर शाळेत गेले नव्हते. बाजारातसुद्धा मी आईच्या पाठीमागे लपत चालले होते.

तिनं हाक मारून मला जवळ बसवलं. पुडीचा पातळ कागद माझ्या कपाळावर दाबला आणि उजेडात धरला. त्यावर तेलाचा डाग उमटला होता. मग तिनं आईच्या गालावरून बोटाची मागची बाजू फिरवली.

"अक्का, पोरीला काय लावायलात?"

"दुधाची साय. मला गुण येतो तिचा."

"तुमचं तोंड कोरडं हाय, तुमाला साय पायजे. हिचं तेलकट हाय. बिदरची लाल जमीन अन् आळंदची काळी, दोन्हीला सारखंच पाणी देतेत व्हय?"

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ही माती पाण्यात कालवून आठवड्यातून दोनदा लाव. नखं लावू नको. अन् शाळा कामून बुडवायलीस?"

पुटकुळ्या जायला उन्हाळा उजाडला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं, दप्तर घेतलं आणि पुटकुळ्यांसकट वर्गात जाऊन बसले.