इनको मत डालने मत दीजिए

"इनको मत डालने मत दीजिए. जेल काटके आई हैं."

राजधानीतल्या द्वारका भागात, एका शाळेच्या फाटकात, बायकांच्या रांगेसमोर, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी महिला पोलिसाला सांगत होता. स्वतःचं मतदान उरकून आलेला. माझ्यापुढची बाई सरकली. मागचीही सरकली, पर्स छातीशी धरून.

मग माझ्याकडे वळून मराठीत, हळूच: "वहिनी, तमाशा नको. घरी जा."

वहिनी म्हणे! नवरा मला मारायचा तेव्हा हा भिंतीपलीकडे टीव्हीचा आवाज वाढवायचा. एक दिवस मी नवऱ्याच्या डोक्यात तवा घातला. तो जगला. मी तुरुंगात गेले. केलं ते केलं, शिक्षा पुरती भोगली.

आमच्या घरात मत म्हणजे वोट. दाराबाहेर हिंदीत मत म्हणजे नको. तुरुंगात दिवसभर ते दुसरंच ऐकलं. बोलो मत. हंसो मत. निवडणूक आली तेव्हा मी वॉर्डनला मतदानाचं विचारलं, तर ती हसली. माझ्या बरॅकीतल्या कितीतरी बायकांचा खटलासुद्धा सुरू झाला नव्हता. त्यांनाही मत नव्हतं.

आणि हा सेक्रेटरी? खोट्या सह्या करून दुसऱ्याचा फ्लॅट विकला म्हणून कोर्टाने शिक्षा ठोठावलेली. पण जामिनावर बाहेर, म्हणून मतदार.

मी निघालेच होते. मान खाली घालून, सवयीने. चार पावलांवर स्वतःचीच चीड आली. परत फिरले.

"तुम्हालाही शिक्षा झालीये ना?"

"अपील पेंडिंग आहे."

"माझी भोगून झाली. तुमची बाकी आहे."

हेच मी हिंदीत पुन्हा म्हटलं, रांगेच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. त्याचं तोंड उतरलं. ते बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोलीस बाईला कायदा ठाऊक होता. शिक्षा संपली की मत देता येतं. तिने मला आत सोडलं आणि मी बटण दाबलं.

एवढ्याने माझं भागलेलं नाही. मला त्याचं अपील फेटाळलेलं बघायचंय. तो आत जाईल तेव्हा मी तुरुंगाच्या दारापर्यंत जाणार आहे, बघायला. आणि आतल्यांना मत मिळावं म्हणून भांडणार आहे. रस्त्यावर, कोर्टात, जिथे जमेल तिथे. त्या बायकांसाठी. पण मिळेल तेव्हा त्यालाही मिळेल, आणि ते मी मिळवून दिलेलं असेल. हे त्याला सांगायला मी स्वतः जाईन. भेटीच्या दिवशी, जाळीच्या अलीकडून.