थंडी मोजणारी पेटी

सरकारी पैशाला नागापेक्षा जास्त भिणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला मामा निघाला. रावेरकडच्या त्यांच्या गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. साप-विंचवाच्या केळीबागेत अनवाणी फिरणारे आबा, शेतकऱ्यांच्या सरकारी हप्त्याचा मेसेज आला की मोबाइल पालथा घालून लांब सरकून बसतात. 'देनारा उद्या मांगीन बी,' हे त्यांचं म्हणणं. पिकाची नोंद करायला बागेतला फोटो पाठवावा लागतो, तर आबा त्यासाठी लग्नातला कोट घालून झाडाशेजारी हात जोडून उभे राहिले. फोटोत माणूस नको, नुसती केळी हवी, असं मी सांगायला गेलो तर माझ्यावरच उखडले. 'अन् मंग सरकारले कसं कयीन, ह्या केयीचा मालक भला मानूस हाये?'

पण खरी धास्ती त्यांच्या बांधाला लागून असलेल्या हवामान केंद्राची. केंद्र कसलं, तारेच्या कुंपणात एक खांब आणि वर पांढरी पेटी. हिवाळ्यात या पेटीतला पारा सलग तीन दिवस ठरलेल्या आकड्याखाली गेला, तरच गावाला केळीच्या विम्याचे पैसे मिळतात. विम्याच्या हप्त्यात सरकारचाही वाटा असतो, म्हणून आबांनी स्वतः विमा कधी काढलाच नाही. तरी पेटीसमोरून जाताना ते चपला हातात घेतात. मी एकदा तिथे मोठ्यानं शिंकलो, तर त्यांनी माझं तोंडच दाबलं. 'जावाईबापू, बठ्ठं लिहून घेते ती!' शिंकेची नोंद होत नाही हे पटवण्यात माझी अर्धी दुपार गेली, आणि त्यांना ते पटलं नाहीच.

मागच्या हिवाळ्यात मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नाही. कडाक्याची थंडी पडली की पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून बागेत ऊब राहावी म्हणून धूर करायचा, ही इकडची जुनी रीत. आबांनीही केला. दोन दिवस पारा हवा तितका उतरला होता, तिसऱ्या दिवशी थोडक्यात वर राहिला आणि गावाचे पैसे गेले. धूर पेटीकडे वळलेला आबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आठ दिवस त्यांना घास गिळवेना. शेवटी पारावर सगळ्यांपुढे टोपी काढून म्हणाले, 'माह्या धुरानं गावाचे पैसे गेले.' लोक हसले. एक जण म्हणाला, 'आबा, तुमच्या धुरानं का सातपुड्याची थंडी पयते?' त्यांना चहा पाजला आणि विषय संपवला. आबांचा तो संपला नाही. वर्षभर कुणी ट्रॅक्टर विकला, कुणाच्या मुलीचं लग्न लांबलं, की आबांची मान खाली जायची.

यंदा जानेवारीत मी गेलो तेव्हा पारा दोन दिवस उतरलेला होता. तिसऱ्या पहाटे पाहतो तर आबांचं अंथरूण रिकामं. धावत बागेत गेलो. बांधावर पाल्याचे ढीग तसेच होते आणि आबा मुठीत काडेपेटी आवळून उभे होते. मोबाइलच्या उजेडात केळीची पानं कडेनं पिवळी पडू लागलेली दिसली. मला काळजी वाटली, आधी बागेची आणि मग आबांची.

'पेटवा, आबा. बाग जाईल.'

'जाईन ना,' पेटीकडे पाहत ते हळूच म्हणाले. 'माही एकल्याची जाईन. बाकीच्यायचे पैसे तं येतीन.'

त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली. मग जवळच्या छातीएवढ्या झाडाच्या कोवळ्या, गुंडाळलेल्या पानाच्या पोंग्याभोवती दोन्ही तळवे धरले आणि त्याला ऊब देत उभे राहिले. मागे हजारो झाडं गारठत होती. एरवी मी त्यांची थट्टाच केली असती. त्या पहाटे मी काडेपेटी खिशात टाकली, शेजारच्या झाडापाशी गेलो आणि उजाडेपर्यंत तसाच उभा राहिलो.