आळेफाट्याच्या दुकानदाराविरुद्ध छापलेलं पत्रक

अन्याय कुणावर झाला: आळेफाट्याला अॅम्प्लिफायर विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदारावर. कधी झाला: गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेनंतरच्या शुक्रवारी, सकाळी साडेदहा ते बारा, एसटी स्टँडवर. कुणी केला: मी. पाचशे पत्रकं माझ्या हातानं वाटून.

पत्रकाची सुरुवात अशीच करायची असते, ती सवय हाताला आहे. आजवर त्या तिसऱ्या जागी मी नेहमी दुसऱ्या कुणाला तरी बसवत आलो.

आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. पिंपळवंडीत खताच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं बसतो. त्या वर्षी डीजेविरुद्ध मोहीम चालली होती. हळदीच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत चढवायची आणि सबंध गावाचे पत्रे थरथरवायचे, हे बंद झालं पाहिजे म्हणून आम्ही दारोदार फिरलो. लोक ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "मंग हळदीला काय लावायचं, राव? तुमचं पत्रक वाचायचं व्हय?"

प्रश्न रास्त होता. म्हणून ठरलं की गटानं एक छोटा सेट घ्यायचा. एक अॅम्प्लिफायर, दोन लहान स्पीकर. जे घर डीजे न लावता हळद करील त्याला तो फुकट द्यायचा. दहा-वीस-पन्नास करत वर्गणीचे बारा हजार जमले. खरेदी माझ्याकडं आली, कारण आठवडाभर मोबाइलवर वाचून मी त्या विषयातला जाणकार झालो होतो. म्हणजे मला वॅट हा शब्द पाठ झाला होता.

दुकानदाराचं दुकान आळेफाट्याच्या गॅरेजांच्या रांगेत आहे. ट्रकवाल्यांचे टेप दुरुस्त करता करता त्यानं धंदा वाढवला. पन्नाशीचा माणूस, धनगराच्या घरातला. वडील अजून मेंढरं राखतात.

"किती वॅट पायजेल?" त्यानं विचारलं.

"निदान दोन हजार. समोरच्या दुकानात पाच हजारवालासुद्धा आहे. खोक्यावर छापलंय."

तो हसला. "तुमच्या हिरीवर मोटार किती एचपीची?"

"तीन."

"ती खाती दोन हजार वॅट. आता त्यो पाच हजारवाला डबा उचलून बघा. धा वर्साचं पोर उचलंल. त्याच्यावर तुमच्या दोन मोटारी चालत्याल का? खोक्यावर काय, छापायला पैसं लागत न्हाईत."

मग त्यानं एक जुना, वापरलेला अॅम्प्लिफायर काढला. एका स्पीकरला तीस वॅट. उचलला तर मनगटाला ओढ बसली. "वजन बघा. हे ट्रान्सफॉर्मरचं. हितं काटकसर केली की आवाज वाढवला का फाटतोय. अंगणातल्या हळदीला तीस म्हंजी डोक्यावरून पाणी." स्पीकरच्या दोन जोड्या त्याच्याकडं होत्या. एका जोडीतून धमधम जास्त यायची. खरं सांगतो, मला तीच आवडली. डीजेविरुद्ध घसा कोरडा करणारा मी, छातीत धक्का बसला की खूश. त्यानं ते ओळखलं असणार. म्हणाला, "भाऊ, गाण्यावर स्पीकर पारखू नका. ज्याचा खरा आवाज कानाला पाठ हाय ते लावा."

आणि त्यानं मोबाइलवर वडिलांची मेंढरं लावली. संध्याकाळी वाड्याकडं परतणारा कळप, त्यांच्या गळ्यातल्या घंट्या, मागं कुत्रं. धमधमवाल्या जोडीत सगळ्या घंट्यांचा मिळून एक खुळखुळाट झाला. दुसऱ्या जोडीत प्रत्येक घंटी वेगळी ऐकू आली, अगदी एक चिरकी, फुटकीसुद्धा. "ती फुटकी हाय ना, ती म्होरक्या मेंढ्याची. बा ती बदलू देत न्हाई," तो म्हणाला.

तीच जोडी घेतली. अॅम्प्लिफायरवर आठ ओहम लिहिलंय, स्पीकरवरही आठ, म्हणजे जोडी जमली, हेही त्यानं दाखवलं. शेवटी म्हणाला, "वायर घ्या वीस मीटर. लाल लालला, काळी काळीला."

इथं माझ्यातला जागृत ग्राहक उठून बसला. आला, वरचं बिल वाढवायला आला. म्हटलं, "वायर आहे घरी."

"असंल तर बरं. पर रंग बघून जोडा."

मी मान हलवली. ऐकलं नाही.

पहिली हळद पेठला होती. आमच्या गटातली एक मुलगी पेठची, डीएड झालेली, बोलायला माझ्यापेक्षा कमी आणि नीट. तिच्या चुलतबहिणीची हळद. घरच्यांना डीजेवाचून राजी करायला तिला महिना लागला होता. सेट मी मांडला. वायर म्हणून आमच्या विहिरीच्या मोटारीची उरलेली चपटी केबल नेली होती. तिच्यात लाल, पिवळी, निळी अशा तीन वायरी. काळी नव्हतीच.

आमच्याकडं मोटार जोडताना कुणी रंग बघत नाही. जोडायची, बटण दाबायचं. मोटार उलटी फिरली तर कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची. पाणी आलं की जोडणी बरोबर. मी तसंच केलं. बटण दाबलं, दोन्ही स्पीकर वाजले. आवाज आला, म्हणजे जोडणी बरोबर.

पण अंगणाच्या मध्ये, जिथं नवरीला बसवलं होतं, तिथं काहीतरी विचित्र ऐकू येत होतं. ढोलकीला वजन नव्हतं. गाणारीचा आवाज समोरून येईना, कुठूनच येईना, नुसता कानाभोवती फिरायचा. मी आवाज वाढवला तसा तो जास्तच पोकळ झाला. नवरीचे मामा ओरडले, "आरं कुनी हिरीत पडलंय का बघा रं!" सगळी हळद हसली. चार वाजता नवरीच्या भावांनी डीजेवाल्याला फोन केला आणि साडेपाचला स्पीकरची भिंत येऊन उभी राहिली. पेठच्या मुलीनं आमचे स्पीकर एकटीनं उचलून पडवीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रक लिहायला बसलो. ती म्हणाली, "आधी त्यांना फोन तर कर."

"फोन केला तर गोड बोलणार. दुकानदार आहे."

"त्यांनी स्वतः जोडून दाखवला होता ना? तेव्हा नीट वाजला ना?"

"दुकानात सगळंच नीट वाजतं."

मथळा लिहिला: गोरगरिबांच्या वर्गणीवर डल्ला! जुना माल नव्याच्या तोऱ्यात खपवला, असं लिहिलं. खरं तर तो जुना आहे हे त्यानं डबा काढतानाच सांगितलं होतं. मागितले दोन हजार वॅट आणि गळ्यात मारले तीस, असं लिहिलं. आणि शेवटी: गॅरेज लाइनीतल्या, गिऱ्हाईकाला मेंढरासारखं कातरणाऱ्या या दुकानदारापासून सावध राहा. नाव टाकलं नाही. कायद्यात अडकू नये म्हणून आम्ही नाव टाकत नाही, आणि कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळेल असं लिहितो. त्या लाइनीत धनगराचं दुकान एकच आहे.

शुक्रवारी ते स्टँडवर वाटलं. दुपारपर्यंत पत्रकाचा फोटो तालुक्याच्या दोन्ही बाजूंना फिरला.

मंगळवारी दुकानदार आमच्या खोलीवर आला. पेठची मुलगी आणि मी, दोघंच होतो. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं, मी तयार होतो. तो म्हणाला, "सेट लावा जरा."

लावला. तो मध्ये उभा राहिला, मग डाव्या स्पीकरपाशी गेला, मग उजव्या. डाव्याच्या मागं वाकून बघितलं. आमची मोटारीची केबल हातात धरून त्यानं मान हलवली आणि त्या दोन वायरी काढून उलट लावल्या. "मधी उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो. गाणारी समोर येऊन उभी राहिली. ढोलकीला वजन आलं.

"एक स्पीकर हवा म्होरं ढकलत व्हता, दुसरा मागं वढत व्हता," तो म्हणाला. "दोघं एकमेकाचा आवाज खात व्हते. सांगितलं व्हतं, रंग बघा. पर तुमाला पाणी आलं की झालं, पावणं."

मी सेट बंद केला.

"एका मंगल कार्यालयवाल्यानं दुरुस्तीला टाकलेला सेट माघारी नेला. नवीन बसवायचं ठरलेलं दोघं फोन उचलंनात. मला लबाड म्हणला ते म्हणा, धंद्यात म्हणत्यात. पर मेंढराचं कशाला आणलं मधी?"

"ती नुसती उपमा होती," मी म्हणालो.

"गप बस," पेठची मुलगी म्हणाली. मला.

आमच्या रानात दर उन्हाळ्यात खतासाठी मेंढरं बसवतात. त्यांच्या लेंड्यांवर आमचा कांदा पोसतो. त्या माणसांच्या कामाचा शब्द मी शिवी म्हणून वापरला आणि वर त्याला उपमा म्हणालो. उतरताना जिन्यात थांबून दुकानदारानं विचारलं, "हे पन छापून कळवणार न्हवं?"

"कळवतो," मी म्हणालो.

छापलं नाही. आधी म्हटलं, मोहीम ऐन भरात आहे, डीजेवाले टाळ्या पिटतील. मग म्हटलं, छपाईला वर्गणी उरली नाही. शेवटी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ टाकली: 'ध्वनियंत्रणेबाबतचा तांत्रिक गैरसमज दूर झाला आहे.' कुणाचा गैरसमज, कुणाबद्दल, काही नाही. ग्रामपंचायतीच्या ज्या नोटिसांची आम्ही टर उडवतो, तसली ती भाषा. तीन जणांनी अंगठा दाखवला.

पेठच्या मुलीनं ती ओळ वाचली. "दुसऱ्यानं असं केलं असतं तर तू मोर्चा काढला असतास," म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती खोलीवर आलेली नाही.

वर्ष झालं. सेट उत्तम वाजतो, त्यानंतर चार हळदी त्याच्यावर झाल्या. मी मात्र आळेफाट्याला उतरलो की गॅरेजांच्या समोरच्या बाजूनं चालतो. मध्ये एकदा नजर गेली. दुकानाचा अर्धा भाग आता मोबाइलच्या कव्हरांनी भरलाय. तो वाकून कशाला तरी कथलाचा डाग देत होता. मी पाय उचलले.

हे लिहून माझं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही. याच्या पाचशे प्रती काढून मी त्याच स्टँडवर, त्याच वेळेला वाटणार आहे, आणि पहिली त्याच्या हातात देणार आहे. पण फोनमधून फिरलेला तो फोटो माझ्या हातात नाही. तो तुमच्या हातात आहे.

म्हणून तुम्हाला सांगतोय. जुन्नर-आंबेगावात तो फोटो तुमच्याकडं आला असेल, तुम्ही तो पुढं ढकलला असेल, किंवा चहाच्या टपरीवर नुसतं "ऐकलं का, त्यानं लोकांना गंडवलं" म्हणाला असाल, तर आज त्या माणसांना गाठा. ज्याला ज्याला सांगितलं त्याला सांगा की दुकानदार खरा होता आणि पत्रक खोटं होतं. गैरसमज झाला, असं म्हणू नका. खोटं होतं, असं म्हणा, आणि कुणी लिहिलं असं विचारलं तर या वेळी प्रतीवर छापलेलं माझं नाव सांगा.