वरचा उजवा तीन

कवळीकाकूंच्या हातून आजवर हजारभर माणसं हसली असतील, आणि त्यांतल्या निम्म्यांना त्यांनी कधी पाहिलेलंही नाही. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे दहा बाय आठची खोली आहे, तिथे बसून त्या तीस वर्षं कवळ्या बनवतात. बाहेरून जबड्याचा ठसा येतो, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा, घासून-पुसून चकचकीत केलेली कवळी डबीत घालून परत पाठवायची. दात नेमका कुठला हे नावाने नाही, जागेने सांगायचं: वरचा उजवा तीन, खालचा डावा सहा. काकू घरीही असंच बोलतात. भाजीचा डबा फ्रिजमध्ये कुठे आहे असं विचारलं, तर खालचा डावा दोन असं उत्तर येतं.

दुसरं वेड बागेचं. घर तिसऱ्या मजल्यावर, गच्ची डोक्यावर, त्यामुळे कुंड्यांना तोटा नाही. कुंडीच्या तळाशी पाणी निचरायला लोक खापऱ्या घालतात, काकू दवाखान्यातले जुने प्लास्टरचे जबडे घालतात. एकदा गच्ची झाडणाऱ्या बाईंच्या हातून मोगऱ्याची कुंडी फुटली आणि मातीतून कोणीतरी त्यांच्याकडे बघून हसलं. त्या बाई चार दिवस कामाला आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या, त्या सासऱ्यांची कवळी किती दिवसांत होईल हे विचारायला.

बी साठवायला काकूंकडे नमुन्याच्या दातांची एक रिकामी पेटी होती. बत्तीस कप्पे, वर सोळा, खाली सोळा, अगदी आ वासलेल्या तोंडासारखे. त्यात बत्तीस प्रकारचं बी. पेटीवर चिठ्ठ्या चिकटवायची गरज काकूंना कधी भासली नाही. स्वतःच्या तोंडात कुठला दात कुठे आहे हे काय कोणी लिहून ठेवतं?

हे बी त्या फोनवरच्या गटात वाटायच्या. गटात अकरा जण, वेगवेगळ्या गावांतले. प्रमुख होते ड्रायव्हरदादा. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे शिस्त कडक. गटाचा नियम त्यांनीच घातलेला: आधी झाड, मग घर. घरची बातमी सांगायची असेल तर आधी झाडाबद्दल एक ओळ लिहायची. त्यामुळे गटावर सकाळी असं काही वाचायला मिळे: "मिरचीची पानं मुडपली आहेत, काय करू? जावयांची बदली झाली." त्याखाली सात जण ताक फवारा म्हणून सांगत, दोन जण जावयांची बदली कुठे झाली ते विचारत, आणि एखादा गडबडीत जावयांवर ताक फवारायला सांगून मोकळा होई. कोणाच्या मुलीला नोकरी लागली, कोणाच्या नवऱ्याचं पित्त खवळलं, कोणाचा गुलाब रुसला, सगळं एकाच पंगतीला.

या गटात एक गोगलगाय होत्या. दोन वर्षांपूर्वी आल्या. खरं नाव सांगितलं नाही, फोटोही एका गोगलगायीचाच. पण पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीतल्या कुंडीचा फोटो टाकला आणि काकूंच्या हातातला चहा सांडला. त्या खिडकीच्या चौकटीला एक वाकडा खिळा होता. तो काकूंच्या नवऱ्याने ठोकलेला होता आणि वाकडा आहे म्हणून थोरल्या भावाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. गोगलगाय म्हणजे काकूंच्या थोरल्या जाऊबाई.

आणि जाऊबाई काकूंशी सहा वर्षं बोलत नव्हत्या.

भांडणाचं कारण सांगायला काकूंना अजून लाज वाटते. जाऊबाईंची वरची कवळी काकूंनीच केलेली. इतकी बेमालूम, की दिरांनाही संशय येऊ नये. कवळी बसवून आठवडाही झाला नव्हता आणि घरात पुतणीचं लग्न निघालं. लग्नाच्या जेवणाच्या टेबलावर कोणीतरी काकूंच्या हाताची तारीफ केली. काकूंना राहवलं नाही. समोर खळखळून हसणाऱ्या जाऊबाईंकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हे काय, माझं काम समोरच बसलंय." हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात, ते त्या दिवशी चाळीस माणसांना दिसले. जाऊबाईंनी तोंड मिटलं, ते मिटलंच. काकूंच्या माफीच्या फोनला उत्तर नाही की चिठ्ठीला नाही.

गटावर मात्र दोघी सुखात नांदत होत्या. कवळ्या बनवणारी काकू जगात दुसरी कोण असणार, तेव्हा जाऊबाईंनाही सगळं ठाऊक होतंच. पण ओळख दाखवायची नाही, असा न बोलता झालेला करार. "गोगलगायताई, तुमच्या जास्वंदीला सकाळचं ऊन द्या," असं काकू लिहीत. "आभारी आहे, काकू. आमच्या घरच्यांचा गुडघा आता बरा आहे," असं उत्तर येई. आपल्या सख्ख्या दिराचा गुडघा बरा झाला हे काकूंना असं, परक्या बाईकडून कळे. काकू तेवढ्यानेही दिवसभर गुणगुणत काम करत. दोन वर्षं हा धागा त्यांनी फुलासारखा जपला होता.

मग एके दिवशी गोगलगायीने लिहिलं, की पूर्वी एकत्र राहत होतो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीवर निळ्या गोकर्णीचा वेल होता, सासूबाईंनी लावलेला. त्याचं बी कुणाकडे मिळेल का. काकूंनी ते चार वेळा वाचलं. त्याच वेलाचं बी त्यांनी घर सोडताना पदराला बांधून आणलं होतं आणि दर वर्षी नवं धरलं होतं. वरचा उजवा तीन. जाऊबाईंनी मागितलं होतं ते गटाकडे, पण मागणी नेमकी कुणाच्या दारात ठेवली आहे हे काकूंना कळत होतं. याच आठवड्यात ड्रायव्हरदादांनी साखर वाढली म्हणून कारल्याचं बी मागितलं होतं आणि गटातल्या नर्सताईंनी हातरुमालाएवढ्या बाल्कनीसाठी बुटक्या काकडीचं.

आणि नेमका काकूंना ताप चढला. एकशे तीन. पाकिटं भरायचं काम नवऱ्याकडे आलं. काका बुटांच्या दुकानात पस्तीस वर्षं विक्रेते होते. काकूंनी उशीवरून यादी सांगितली: गोगलगाय, वरचा उजवा तीन. ड्रायव्हरदादा, वरचा डावा तीन. नर्सताई, खालचा उजवा सहा. काकांनी पेटी समोर ठेवली, कप्पे मोजले, पाकिटं चिकटवली आणि त्याच दुपारी पोस्टात टाकून आले. ताप उतरल्यावर काकूंनी विचारलं, नीट पाहिलं ना? काका म्हणाले, "अगं, पस्तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला दोन डावे बूट दिले नाहीत मी. डावं-उजवं मला शिकवू नकोस."

दोन महिने गटावर आनंदीआनंद होता. वेल चढत होते. नर्सताईंना काकडीच्या बिया जरा धष्टपुष्ट वाटल्या होत्या, पण कवळीकाकूंची काकडी म्हणजे काहीतरी खास असणार म्हणून त्या गप्प बसल्या. काकडीने बाल्कनी ओलांडली, शेजारच्या वकिलांच्या कपड्यांची दोरी धरली आणि त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीत शिरली. मग एका रविवारी तिला फळ धरलं. नर्सताईंनी फोटो टाकला. लाल भोपळा. खाली लिहिलं होतं: "काकडी गरोदर आहे का? घर: वकीलसाहेब सात वर्षांत पहिल्यांदा चहाला आले, भांडायला."

गट हसून लोळायला लागला. तेवढ्यात ड्रायव्हरदादांचा फोटो आला. त्यांच्या गच्चीचा कठडा निळ्या फुलांनी झाकून गेला होता. कारल्याला इतकी सुंदर फुलं येतात हे मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नाही, असं त्यांनी भाबडेपणाने लिहिलं होतं, आणि यातलं कडू काय ते खायचं कसं असं विचारलं होतं.

काकूंचं हसू अर्ध्यावर थांबलं. गोकर्ण ड्रायव्हरदादांकडे. म्हणजे कारलं कुणाकडे?

त्यांनी गोगलगायीचं नाव शोधेपर्यंत पडद्यावर ओळ आली होती: गोगलगाय गटातून बाहेर पडल्या.

कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. ही म्हण लहान पोरालाही ठाऊक असते. सहा वर्षं अबोला धरलेल्या जावेला तिने मागितलेल्या सासूबाईंच्या वेलाऐवजी कोणी कारलं पाठवलं, आणि तो वेल परक्याच्या गच्चीवर फुलला, तर त्याचा अर्थ दुसरा काय लागणार? काकूंनी फोन केला. उचलला गेला नाही. त्या पेटी घेऊन नवऱ्यासमोर बसल्या आणि वरचा उजवा तीन दाखवा म्हणाल्या. काकांनी ठामपणे पेटीच्या उजव्या बाजूला बोट ठेवलं. कारलं.

"समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा उजवा पाय तुमच्या कुठल्या हाताला येतो?" काकूंनी विचारलं.

काकांनी उजवा हात पुढे केला, मग हळूच डावा. पेटी म्हणजे समोरच्या माणसाचं तोंड. त्याचा उजवा तो आपल्या डावीकडे. पस्तीस वर्षांची अब्रू एका जबड्यात गेली.

त्याच संध्याकाळी दोघं पेटी घेऊन थोरल्यांच्या दारात उभे राहिले. दार दिरांनी उघडलं. चेहरा उतरलेला. नमस्कार-चमत्काराच्या आधी ते हळूच म्हणाले, "आलात? बरं झालं. जाताना कारली घेऊन जा. पंधरा दिवस दोन्ही वेळा तेच खातोय मी. टाकायचं नाही म्हणते, कोणी प्रेमाने पाठवलंय."

आतून आवाज आला, "कोण आहे?" आणि जाऊबाई बाहेर आल्या. त्यांच्या मागे वाकड्या खिळ्यापासून पंख्याच्या बटणापर्यंत कारल्याचा वेल पसरला होता, आणि त्याला मोजून दमावं इतकी कारली लोंबत होती. काकूंच्या मनात आलं ते इतकंच, की गटावर दिलेला खताचा सल्ला मात्र बाईंनी तंतोतंत पाळला आहे.

काकूंनी सगळं सांगितलं. ताप, पेटी, यादी, नवरा. काकांनी मान खाली घालून प्रत्येक वाक्याला दुजोरा दिला. जाऊबाई ऐकत होत्या, हात पदरात, ओठ घट्ट.

"उजवं म्हणजे उजवं," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर पेटीत उजवीकडे कारलं आहे. आता तू म्हणतेस उजवं म्हणजे डावं. सोयीचं आहे गं तुझं शास्त्र."

काकूंना एक उपाय सुचला, पण तो बोलून दाखवणं म्हणजे जखमेवरच बोट ठेवणं होतं.

"जाऊबाई, तुमच्या कवळीला आतून उजव्या बाजूला मी बारीक उ कोरलाय. प्रत्येक कवळीला कोरते. सहा वर्षांपूर्वीचा आहे तो, आपलं काही बिनसायच्या आधीचा. तो बघा कुठे येतो."

दीर छताकडे बघायला लागले. काकांनी आपले बूट न्याहाळले. जाऊबाईंनी तोंडापुढे पदर धरला, कवळी काढली आणि टेबलावर पेटीशेजारी ठेवली, दात काकूंकडे करून.

कवळी काकूंकडे बघून मोकळेपणाने हसत होती. आत वाकून पाहिलं तर उ होता, आणि तो बघणाऱ्याच्या डावीकडे होता. पेटीतही त्याच बाजूला, वरच्या उजव्या तीनमध्ये, गोकर्णीचे चार काळसर दाणे पडले होते.

जाऊबाई पेटीकडे बघत होत्या, कवळीकडे बघत होत्या. मग त्यांची नजर नवऱ्याकडे गेली, पंधरा दिवस इमानेइतबारे प्रेमाचं कारलं खाल्लेल्या त्या माणसाकडे, आणि त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. पदर सुटला. त्या हसायला लागल्या, वरचा एकही दात नसताना, तोंड पूर्ण उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकूही फुटल्या. काका आधी भीतभीत हसले, मग थांबेनात. दिरांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण कारलं संपणार एवढं कळलं, आणि ते सगळ्यांत जास्त हसले.

दम लागल्यावर जाऊबाईंनी कवळीकडे बोट दाखवलं. बोबड्या आवाजात त्या म्हणाल्या, "उजवीकडे टोचतं गं मेलं. सहा वर्षं टोचतंय."

"मग सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगू? बोलत होतो का आपण?"

काकूंनी कवळी उचलून आतून अंगठा फिरवला. टोचत होता तो उ. कोरल्यावर कड घासून गुळगुळीत करायची असते, ते आठवडाभराने तपासणीच्या वेळी करायचं होतं, आणि त्या आधीच लग्न आलं होतं. पर्समध्ये बारीक पॉलिश पेपर नसेल ती कवळीकाकू कसली. खिडकीतल्या उजेडात, कारल्याच्या वेलाखाली उभं राहून त्यांनी उ ची कड तेवढी घासली. अक्षर राहू दिलं.

रात्रीच्या जेवणाला वेळ होता तेवढ्यात गटावर एक ओळ आली. ड्रायव्हरदादांनी गोगलगायीला परत आत घेतलं होतं, आणि नियमाप्रमाणे तिने आधी झाड लिहिलं होतं: "कारल्याला फार चांगला बहर आहे, ड्रायव्हरदादांनी पत्ता द्यावा, पोतं पाठवते. बदल्यात निळ्या फुलांचं बी हवं, आमच्या सासूबाईंचं आहे ते. घर: धाकट्या जाऊबाई आल्या आहेत. टोचायचं थांबलं."

खाली नर्सताईंनी विचारलं होतं, भोपळ्याचं मी काय करू.