बाजूला काढलेले मोदक

माझे मोदक वहिनींनी उचलले आणि वेगळ्या ताटलीत ठेवले. आत्ताच त्यांनी मला माहेरचं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं होतं.

“हे नैवेद्याचे नाहीत हं,” त्या बाकीच्या बायकांना म्हणाल्या. “हे नंतर स्टीम करू.”

गणपतीचा दिवस. दक्षिण गोलार्धातल्या या परक्या देशात, रिकार्टनमधलं हे घर माझ्या सरांचं, वहिनी त्यांच्या पत्नी. विद्यापीठात सरांच्या हाताखाली मी ताऱ्यांवर काम करते. माझी नोकरी त्यांच्या सहीवर, व्हिसा नोकरीवर.

शेजारी अमेरिकन बाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञ, आजच्या पाहुण्या. त्यांना एक पाकळी जमेना. त्यांचे फुटके, सारण गळणारे मोदक कौतुकाने मोदकपात्रात गेले. माझे हात पिठाने भरलेले. धुवायलाही उठवेना, इतकी लाज वाटत होती.

आरतीनंतर बाईंची ओळख मराठीत मी करून द्यायची, असं ठरलं होतं. दिली करून. तरुणपणी बाईंना दुर्बिणीला हात लावू देत नसत. पुरुष काचेवर आकाशाचे फोटो काढायचे, बाई त्या काचांवरचे तारे मोजायच्या. शोध बाईंनी लावला, नाव साहेबाचं झालं. मग दक्षिणेचं आकाश बघायला त्या इथे आल्या. दुर्बीण हातात आली तेव्हा पन्नाशी उलटली होती.

“किती अन्याय,” वहिनी म्हणाल्या. डोळे पुसले त्यांनी.

ते डोळे बघितले आणि मला राहवेना. बोलले. “आज या घरात आडनाव विचारून माझे मोदक बाजूला काढले.” बाईंना कळावं म्हणून तेच इंग्रजीत सांगितलं.

बाईंनी माझा हात थोपटला. “लेट इट गो, डिअर. दे आर सच लव्हली पीपल.”

बाईंनीसुद्धा. जिच्याकडे बघून मी या विषयात आले, तिने.

सर दारापर्यंत सोडायला आले. आवाज अगदी मऊ. “कॉन्ट्रॅक्टचं आता अवघड आहे, यू नो.”

गाडीत बसून मी हमसून हमसून रडले. कुठे जाऊ? गावी आईला काय सांगू? तिने तर आळीभर सांगितलंय, पोरगी तारे बघते म्हणून.

नोकरी जाईल. जाऊ दे. बाईंची गोष्ट मी पुन्हा सांगेन, उभं राहायला जागा मिळेल तिथे. पण त्याआधी माझी सांगेन. आडनावासकट.