काकांनी ‘नको’ म्हटलं होतं

हे घरात कुणालाच ठाऊक नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय – आणि सांगताना माझीच मला किळस येतेय.

मी रत्नागिरीत बसून मोबाइल अ‍ॅप बनवतो. एका मासळी व्यापाऱ्यासाठी असंच एक बनवलं – जेटीवरचा भाव, वारा, वादळाची सूचना. वाऱ्याच्या अंदाजाला बोटीची जागा लागते, खरं आहे. पण अ‍ॅप उघडं असेल तेवढ्यापुरतीच. व्यापाऱ्याला ती कायम हवी होती. का? मी विचारलं नाही. त्याच्या स्वतःच्या बोटी होत्या, मग विचारायचं काय राहिलं होतं?

आमच्याकडे तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, मासळी कुठे लागली ते सख्ख्या भावालाही सांगत नाही. माझे काका तांडेल. त्यांच्या घरातच मी वाढलो.

भावासाठी काकांनीही ते अ‍ॅप घेतलं. फोनने जागेची परवानगी विचारली, काकांनी ‘नको’ दाबलं. पुन्हा विचारली, पुन्हा ‘नको’. त्यानंतर फोन अ‍ॅपला विचारूच देत नाही – माणसाचा नकार राखायलाच ती सोय आहे. माझ्याकडे तोडगा तयार होता. परवानगी नसेल तर अ‍ॅप भावही दाखवत नसे. नुसती लाल अक्षरं – तुमच्या जिवासाठी जागा ‘कायम’ द्या. जिवासाठी! शी. हे शब्द माझे, आणि मी ते हुशारी म्हणून मिरवले होते.

काका फोन घेऊन माझ्याकडेच आले. “हा काय मागतोय रे? देऊ काय?”

मी फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये शिरलो आणि माझ्या बोटाने ‘कायम’ निवडलं.

समुद्रात रेंज नसली तरी फोन जागा टिपत राहतो. बोट किनाऱ्याजवळ आली की सगळं व्यापाऱ्याकडे. थोड्याच दिवसांत त्याच्या बोटी काकांच्या जागेवर जाळी टाकू लागल्या.

काकांनी संशय घेतला तो दिनूवर, त्यांच्या जुन्या खलाशावर. जेटीवर, चारचौघांत, त्याला फितूर म्हणाले आणि बोटीवरून उतरवलं. दिनू पोरांच्या शपथा घेत होता. काका माझ्याकडे वळले – “तूच सांग, ह्याच्याशिवाय कोण असणार?” एक वाक्य पुरलं असतं – नाही का? मी मान डोलावली.

पुढे मी ती परवानगी अ‍ॅपमधून काढून टाकली. गुपचूप, ‘किरकोळ दुरुस्त्या’ असं लिहून. दिनूला मात्र कुणी बोटीवर घेतलं नाही. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो.

काका गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत दिनूचं नाव निघालं की थुंकायचे. मी शेजारीच बसलेलो असायचो, चहा पीत.